चिमूटभर नवसागर

पोपटराव कल्हईकर लेकीकडे आले ते महिनाभर राहायचं असं ठरवून, आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना एसटीचं वेळापत्रक आठवू लागलं. कारण अगदी साधं होतं. लेकीच्या क्वार्टरमध्ये त्यांना करण्यासारखं कामच नव्हतं. फरशी यंत्र पुसायचं, भांडी यंत्र घासायचं, आणि लेक सकाळी सातला जी बाहेर पडायची ती दिवेलागणीला परत. बाहत्तर वर्षांच्या या माणसाला रिकामं बसायची सवय नव्हती. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरात धुंडाळून एकुलतं एक पितळी पातेलं बाहेर काढलं, अंगणात वीतभर खड्डा खणून भट्टी पेटवली आणि पातेल्याला आतून झकास कल्हई केली. शेजारपाजारच्या शास्त्रज्ञ बाया कौतुकानं बघून गेल्या. पण पातेलं पडलं एकच, आणि अर्ध्या तासात पोपटराव पुन्हा मोकळे.

संध्याकाळी लेकीनं, प्रणालीनं, ते अंगणातलं भोक पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अप्पा, उद्या तुम्ही माझ्याबरोबर प्रकल्पावर चला. नाहीतर तुम्ही सबंध कॉलनी खणून ठेवाल."

सन २०४७ चा मार्च होता. माणदेशातल्या कुरणवाडीच्या माळावर ऊन रणरणत होतं आणि त्या उन्हात काचेसारख्या पारदर्शक नळ्यांच्या आठ चौकटी ओळीनं उभ्या होत्या, एकेक दोन पुरुष उंचीची. नळ्यांमधून कॉफीच्या रंगाचं पाणी सावकाश फिरत होतं. पोपटरावांनी टोपी मागे सारून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्यात काय हाय?"

"जीव आहेत, अप्पा. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. एका थेंबात लाखो."

प्रणालीला समजावून सांगायची हातोटी होती. ती म्हणाली, झाडाचं पान उन्हावर जगतं, पण उन्हाचा फार थोडा भाग त्याच्या पदरात पडतो, बाकी सगळं वाया जातं. माणसानं केलेले सौर पत्रे ऊन भरपूर पकडतात, पण त्यांना त्याची वीज तेवढी करता येते, कार्बनचे रेणू जोडून इंधन रचणं काही जमत नाही. आता हे जंतू बघा. कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं ॲसिटिक आम्ल करण्यात ते पटाईत, त्यांचा तो कोट्यवधी वर्षांचा धंदा, पण ऊन कसं पकडायचं ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून आम्ही दोघांचं लग्न लावलं. प्रत्येक जंतूच्या अंगावर एका कृत्रिम पदार्थाचे अगदी सूक्ष्म स्फटिक चढवले. स्फटिकावर ऊन पडलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतो. जंतू तो झेलतो आणि त्याच्या जोरावर कामाला लागतो. शेजारच्या कारखान्याच्या धुराड्यातला वायू नळानं इथे येतो, नळ्यांत त्याचं आम्ल होतं, आणि पलीकडच्या टाकीत दुसऱ्या जातीचे जंतू त्या आम्लाचा स्वयंपाकाचा गॅस करतात. सगळं जमलं तर कुरणवाडीच्या अडीचशे घरांत नुसत्या उन्हावर चुली पेटतील.

पोपटराव मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी बोट उचललं.

"ते अंगावर चढवलंय म्हंतीस, ते कशाचं?"

"टिन सल्फाइड. म्हणजे... कथील आणि गंधक."

"कथील?" पोपटरावांचा चेहरा उजळला. "आगं पोरी, मग ही कल्हईच की! एवढं शिकलीस, पुण्या-बंगळुराला गेलीस, आन् शेवटी जंतूंना कल्हई करत बसलीस व्हय!"

जवळ उभे असलेले दोन तंत्रज्ञ खदखदून हसले. प्रणालीही हसली, पण तिचे कान लाल झाले. वडील काय करतात असं कुणी विचारलं की ती 'धातुकाम' असं सांगून मोकळी व्हायची. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. पोपटरावांना ते फार पूर्वीपासून माहीत होतं आणि त्यांनी त्याचा कधी राग धरला नव्हता.

"पर एक उलटंच झालं बग," ते आपल्याच नादात म्हणाले. "म्या जलमभर कल्हई केली ती आंबटानं भांडं कळकू नये म्हणून. चिंचेची आमटी, ताक, काय बी ठेवा. हितं तुमी कल्हई करताय ती आंबट बनवायला!"

त्या दिवसापासून ते रोज माळावर जाऊ लागले. नळ्यांवर धूळ बसली की ऊन अडतं, म्हणून प्रणालीनं त्यांना पुसायचं काम दिलं. शिवाय तपासणीसाठी रोज प्रत्येक चौकटीतून थोडं पाणी काढत, तेवढं साधं पाणी परत भरायचं असे. चौकटीच्या कडेला, हाताशी येईल अशी, झडप लावलेली एक कुपी होती. कुपीत पाणी ओतायचं, चावी फिरवायची, झालं. पोपटरावांनी दोन्ही कामं अशी अंगावर घेतली की आठ दिवसांत तंत्रज्ञांना माळावर फिरकायचं कारण उरलं नाही.

नळ्या पुसता पुसता त्यांना एक गोष्ट दिसली. सात नंबरच्या चौकटीतला रंग उतरत होता. कॉफीचा चहा झाला, मग चहाचं धुवण.

"कल्हई उडाली ह्याची," त्यांनी लेकीला सांगितलं.

प्रणाली थकल्यासारखी पायरीवर बसली. हेच तर तिचं दुखणं होतं. ज्या उन्हाच्या जोरावर स्फटिक काम करायचे, तेच ऊन त्यांना झिजवायचं. पंचवीस दिवसांत चौकट फिकी पडायची आणि ती ओतून देऊन पुण्याच्या प्रयोगशाळेतून नवं भरून आणावं लागायचं. ऊर्जा समितीची अट होती की चौकट पुण्याहून पुन्हा भरून न आणता साठ दिवस चालली पाहिजे. तसं झालं नाही तर जूनमध्ये प्रकल्प बंद. सहा वर्षांचं काम गुंडाळून ठेवायचं.

"मग ह्या सातव्या नंबराचं काय करनार?"

"सोमवारी ओतून देणार."

पोपटरावांना ते काही रुचलं नाही. कल्हई गेली म्हणून भांडं मोडीत काढणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. शुक्रवारी भर दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा ते सातव्या चौकटीपाशी उभे होते. नळीला हात लावला तर चटका बसला. भांडं असं तापलं की पुढे काय करायचं हे त्यांच्या हाताला डोक्याआधी ठाऊक होतं. खिशात अंगणातल्या कल्हईतली नवसागराची पुडी तशीच होती. नवसागर टाकला की तापल्या भांड्यावर कथील धरतं, एरवी निसटून जातं, एवढं त्यांचं शास्त्र. त्यांनी चिमूटभर नवसागर कुपीतल्या पाण्यात सोडला, चावी फिरवली आणि जेवायला गेले. चोरी केल्यासारखं त्यांना मुळीच वाटलं नाही. कुणी विचारलं असतं तर तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं.

कुणी विचारलंच नाही. आणि रविवारी सातव्या चौकटीत चहाचा रंग परत आला. मंगळवारी ती काळीभोर झाली.

माळावर नुसता गलका उडाला. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर विभावरी सोमण एरवी मोजूनमापून बोलायच्या, त्याही उन्हात चौकटीभोवती तीनदा फिरल्या. प्रणाली धावत घरी आली आणि तिनं वडिलांचे दोन्ही हात धरले.

"अप्पा, ते शिकले! सातव्या चौकटीतले जंतू आपलं आवरण आपणच परत चढवायला शिकले! जगात कुठे झालं नाही असं. नमुने पुण्याला पाठवलेत, आणि गुरुवारी समिती येतेय. मी स्वतः मांडणार आहे."

तिची आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात पोपटरावांनी लेकीला असं हसताना पाहिलं नव्हतं. पुडी खिशात होती. ते "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. सांगावं तर पोरीच्या आनंदावर विरजण. न सांगावं तर गुरुवारी ती चार मोठ्या माणसांसमोर जे नाही ते खरं म्हणून सांगणार, आणि तेही आपल्यामुळे. पुढे दुसऱ्या चौकटींत ते घडणार नाही, मग लोक तिलाच खोटी म्हणतील. हा विचार आला आणि पोपटरावांचा पाय काही केल्या एका जागी ठरेना.

गुरुवारी सकाळी प्रणाली आरशासमोर साडीला पिन लावत होती. पोपटराव दारात येऊन उभे राहिले.

"पनू, त्या सातव्या नंबरात म्या नवसागर टाकलाय. शुक्रवारी. चिमूटभर."

पिन तिच्या हातात तशीच राहिली. तिला कळायला क्षणभर वेळ लागला, आणि कळलं तशी ती गर्रकन वळली.

"का? का टाकलात तुम्ही?"

"कल्हई धरत नव्हती म्हणून."

"ते घंगाळ नाहीये अप्पा! सहा वर्षं... सहा वर्षं मी एकेक मिलिग्रॅम मोजतेय! आणि तुम्ही येता काय, खिशातली पुडी काढता काय..." डोळे पुसत ती निघून गेली. साडीचा पदर पिन न लावताच.

पोपटरावांनी पिशवी भरली. कोळशाचा चिमटा, कथलाची कांडी, दोन सदरे. एसटी साडेनऊला होती. ते नाक्यावर पोचतात न पोचतात तोच तंत्रज्ञ गाडी घेऊन मागे आला. "काका, तुम्हाला सभागृहात बोलावलंय."

सभागृहात काय झालं होतं ते त्यांना नंतर कळलं. प्रणालीनं भाषणाचा कागद बाजूला ठेवला आणि समितीला सरळ सांगितलं, की सातव्या चौकटीचा निकाल धरू नका, त्यात बाहेरचा पदार्थ पडला आहे. कुणी टाकला असं विचारल्यावर ती म्हणाली, माझ्या वडिलांनी. ते कल्हई करतात. आणि ते सांगताना, डॉक्टर सोमण म्हणाल्या, तिचा आवाज जराही खाली गेला नव्हता.

समितीचे अध्यक्ष वाघोलीकर नावाचे निवृत्त अभियंते होते. त्यांनी पोपटरावांना खुर्ची दिली.

"किती टाकलंत?"

"चिमूटभर, साहेब."

"चिमूटभर म्हणजे किती?"

"चिमूटभर म्हंजी चिमूटभर."

वाघोलीकरांनी प्रयोगशाळेतला काटा मागवला. पोपटरावांनी एकामागून एक दहा चिमटी काट्यावर टाकल्या आणि प्रत्येकीचा आकडा फळ्यावर लिहिला गेला. दहा आकड्यांत फरक पडला तो शेवटच्या अंकात. सभागृहात कुणीतरी हलकेच शीळ घातली. वाघोलीकर चष्मा पुसून फळ्यापाशी गेले आणि आकडे पुन्हा पाहू लागले.

प्रणालीही पाहत होती, पण तिच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. म्हणजे नायट्रोजन. तो आम्ही मुद्दाम देत नाही, कारण नायट्रोजन मिळाला की जंतू पिलावळ वाढवतात आणि एकाचं आवरण दोघांत वाटलं जातं. म्हणून त्यांना उपाशी ठेवतो. पण उपाशी जंतूला गंधकाचं ते अमिनो आम्लही करता येत नाही, ज्यातला गंधक पाण्यात झिजून उतरलेल्या कथलाला परत पकडू शकेल. अगदी थोडा, मोजका नायट्रोजन मिळाला तर? तिनं हे उभं राहून सांगितलं, अडखळत, मध्येच थांबून, पण सांगितलं.

"करून दाखवा," वाघोलीकर म्हणाले. "आत्ता, आमच्यासमोर. त्या फिक्या पडत चाललेल्या तिसऱ्या चौकटीत."

सकाळचे दहा वाजले होते. सगळे माळावर आले. पोपटरावांनी सवयीनं नळीला हात लावला, आणि हात तिथे जरा रेंगाळला. पण समोर एवढे साहेब, छत्र्या धरलेले, घड्याळाकडे बघणारे. त्यांनी तोंड उघडलं नाही. चिमूट टाकली.

तीन दिवसांत तिसरी चौकट काळी व्हायची सोडून आणखी फिकी झाली.

समितीनं पुण्याहून निरोप पाठवला, की सातव्या चौकटीचं यश हा योगायोग दिसतो. रविवारी दुपारी प्रणाली तिसऱ्या चौकटीच्या सावलीत बसून होती. सकाळपासून ती वडिलांशी बोलली नव्हती. रागाचं आता काही उरलं नव्हतं, फक्त बोलायला काही सुचत नव्हतं. पोपटराव तिच्या शेजारी येऊन उकिडवे बसले.

"त्या दिवशी भांडं तापलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"हात लावला तवाच कळलं मला. नळी गार हुती. गार भांड्यावर नवसागर टाकून काय हुनार? नुसती भुकटी. पर साहेब लोकांम्होरं बोलायचा धीर झाला न्हाय. चूक माजी हाय."

प्रणाली ताडकन उठली, संगणकापाशी गेली आणि शुक्रवारच्या दुपारचे तापमानाचे आकडे काढून बसली. तासाभरानं बाहेर आली ती जवळजवळ पळतच.

"अप्पा, सकाळी ते निवांत असतात! निवांतपणी खायला मिळालं की पिल्लं वाढवतात, आणि आवरण वाटून टाकतात. म्हणून फिकी पडली! पण भर दुपारी उन्हानं पोळत असतात, अंगाची मोडतोड होत असते, तेव्हा त्यांची सगळी धडपड दुरुस्तीची. तेव्हा मिळालं तर ते त्याचं आवरण करतात. भांडं तापलं पाहिजे! तुम्ही म्हणता तसंच, भांडं तापलं पाहिजे!"

"मग म्या काय येगळं सांगितलं," पोपटराव पुटपुटले. पण त्यांना हायसं वाटलं, आणि लेकीकडे बघून वाटलं, केवढी हुशार आहे ही. आपल्याला जे हातानं कळलं त्याचं कारण हिला कळतं. आपला बाप आणि त्याचा बाप कल्हई करत मेले, पण नवसागर तापल्यावरच का टाकायचा हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता, पुण्याच्या समितीला पडद्यावर दाखवत, पोपटरावांनी तिसऱ्या चौकटीत पुन्हा चिमूट टाकली. गुरुवारी चौकट काळीभोर होती.

वाघोलीकरांचं पत्र आलं त्यात अभिनंदन होतं, दिवस नव्यानं मोजायला परवानगी होती, आणि खाली एक अट होती. हे काम एकाच वृद्ध गृहस्थांच्या हातावर अवलंबून असेल तर कुरणवाडीला उपयोग नाही. दुसऱ्या हातानं जमलं पाहिजे.

डॉक्टर सोमण म्हणाल्या, यंत्र करू. पोपटराव म्हणाले, करा की, यंत्राला शिकवायला तरी आधी कुणीतरी शिकलेलं पाहिजे. चिमूट काट्यावर मोजता येत होती, त्यात प्रश्न नव्हता. प्रश्न वेळेचा होता. तापमापक पाण्याची उष्णता सांगायचा, पण ढग, वारा, धूळ, कडेच्या नळ्या, मधल्या नळ्या, यांतून चौकट सगळी मिळून कधी 'झाली' हे त्याला सांगता येत नव्हतं. दोन तंत्रज्ञांनी आकडे बघून टाकून पाहिलं. दोघांच्याही चौकटी फिक्या पडल्या.

मग एका दुपारी पहिल्या चौकटीपाशी प्रणाली स्वतः येऊन उभी राहिली. डोक्याला रुमाल बांधलेला, तळहातावर नवसागर.

ती चौकट पुढे त्र्याऐंशी दिवस चालली, आणि त्या दिवाळीआधी कुरणवाडीच्या अडीचशे घरांत गॅस गेला, हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मात्र दोघांनाही पुढचं काही माहीत नव्हतं.

"हात ठेव नळीवर," पोपटराव म्हणाले.

तिनं हात ठेवला आणि लगेच काढला.

"न्हाय. ठेव. नुसता चटका बगू नगंस. चटक्याच्या आत बग."

तिनं पुन्हा हात ठेवला. पोपटरावांना तो हात बघवेना. ही पोर चार वर्षांची असताना भात्यापाशी यायला बघायची आणि ते तिला हुसकून लावायचे. आपल्या बोटांची टोकं भाजून भाजून बधिर झालेली, ठसेसुद्धा उमटत नाहीत, हिची तशी होऊ नयेत, हिनं पेन धरावं, एवढ्यासाठी त्यांनी गावोगाव भट्ट्या पेटवल्या होत्या. आता तीच पोर दात आवळून तापल्या नळीवर हात धरून उभी होती, आणि ते तिला तसं उभं राहायला सांगत होते. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"अप्पा, झालं का? आता टाकू?"

पोपटरावांना माहीत होतं. त्यांनी दुसऱ्या नळीवर हात ठेवलाच होता. पण ते बोलले नाहीत.

"अप्पा?"

"मला नगं इचारू. हाताला इचार."

प्रणालीनं डोळे मिटले. माळावरून गरम वारा गेला. ती थांबली, आणखी थांबली, पोपटरावांना वाटलं आता उशीर होतोय, त्यांनी तोंड उघडलं आणि मोठ्या कष्टानं मिटलं.

"आत्ता," ती म्हणाली, आणि तिनं चिमूट सोडली.